आमी हाय नं

खालापूर

खालापूर म्हणजे टोलनाका, एवढंच मला ठाऊक होतं. लेकीकडे मुंबईला जाताना घाट उतरला की गाडी तिथे हळू होते, कुणीतरी वडापावची चौकशी करतं, आणि गाव मागे पडतं. त्या गावात तहसील कचेरी आहे, बाजार आहे, तिथे कुणी मुद्दाम उतरत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. त्यामुळे या जानेवारीत मी खालापूरचं तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टरने मला दोनदा विचारलं, खालापूरच ना, की खोपोली? तिसऱ्यांदा त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून विचारलं. उतरणारी मी एकटीच होते.

ज्यांनी हा भाग माझ्यासारखाच फक्त काचेतून पाहिलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पण आधी मी तिथे गेले कशाला, ते सांगायला हवं.

मी नगरची. हायस्कुलात मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. त्याशिवाय गेली तीस वर्षं आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाचा वर्ग घेते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाप्तिस्मा झालेल्या माणसाने पुढे प्रश्नोत्तरीतली उत्तरं देऊन आपला विश्वास आपल्या तोंडाने सांगायचा, ते दृढीकरण. ते झालं की प्रभुभोजनाच्या पंगतीला बसता येतं. प्रश्नोत्तरी माझी तोंडपाठ आहे. तारण म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, पवित्र जनांची सहभागिता म्हणजे काय, झोपेतून उठवलंत तरी सांगेन, आणि तुमची काना-मात्रा चुकली तर झोपेतूनच दुरुस्त करीन. मुलं मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

गेल्या वर्षी हे गेले. आमच्या घरी जेवणं झाली की कुटुंबाची प्रार्थना व्हायची. प्रार्थना मी म्हणायची आणि ह्यांनी डोळे मिटून डुलक्या घ्यायच्या, असा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता. पण मी ‘आमेन’ म्हटलं की ह्यांचा ‘आमेन’ माझ्यापेक्षा मोठा यायचा, शेजारच्या जोशीकाकू म्हणत की त्यावर आम्ही घड्याळ लावतो. मी चिडवायची, झोपेत आमेन म्हणता, देवाला कळत नाही का? हे म्हणायचे, तू बोलतेस ते सगळं मला मान्यच असतं, मग ऐकायला कशाला हवं?

ते गेल्यानंतर पहिल्या दिवशी मी एकटीने प्रार्थना म्हटली. शेवटी ‘आमेन’ म्हटलं आणि थांबले. दुसरा ‘आमेन’ आला नाही. त्या दिवसापासून माझी घरातली प्रार्थना बंद पडली. वर्गात, चर्चमध्ये मी सगळं म्हणत होते, बिनचूक म्हणत होते. पण ते फळ्यावरचं वाक्य वाचून दाखवावं तसं. घरी आले की जेवायचं, ताट घासायचं आणि टीव्ही लावायचा. पुनरुत्थानावर मी मुलांना उत्तर क्रमांकासह शिकवत होते आणि माझा माणूस कुठे आहे या प्रश्नापाशी माझ्याकडे काही नव्हतं. हे कुणालाही सांगण्याची मला लाज वाटत होती.

अशात सुहासचा फोन आला. सुहास माझाच विद्यार्थी, आता खोपोलीजवळ साजगावला पाळक आहे. म्हणाला, “बाई, एक विद्यार्थिनी आहे. वय सत्तर. तुम्हीच याल तर होईल.”

साजगाव

सुहास मोटरसायकल घेऊन नाक्यावर उभा होता. वर्गात ज्याला त्रैक्याचं, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं, उत्तर कधी आलं नाही, तो माझी बॅग पुढे ठेवून मला मागे बसवून मालट्रकांमधून नेत होता, आणि मी आयुष्यात इतक्या मनापासून स्तोत्रं आठवली नव्हती.

साजगाव कारखान्यांचं. सकाळी पाळी सुटते तेव्हा रस्ता माणसांनी भरून जातो, तासाभराने तोच रस्ता ओस. हवेला रोज निराळा वास येतो, आणि सुहासची बायको रूपा त्या वासावरून वारा कुठला आहे ते सांगते. पण मान वर केली की पूर्वेला सह्याद्री उभा, आणि जानेवारीतही शेतं हिरवी. भात कापलं की त्याच ओलीवर इथे वाल पेरतात, पाणी द्यावं लागत नाही. आमच्या नगरकडे विहिरीचा तळ दिसू लागतो त्या दिवसांत हे न मागता आलेलं हिरवं पाहून मला थोडा हेवाच वाटला.

रूपाने पहिल्या जेवणाला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. मी बाजरीवर वाढलेली. तांदळाची भाकरी मऊ, पांढरी, घडी घालता येईल अशी. ही भाकरी आहे की रुमाल, असं मी म्हणाले तर रूपा म्हणाली, “बाई, आमच्या यमुनाबाईंची खाल तेव्हा बोला. आमच्या प्रभुभोजनाची भाकरी त्याच करतात.”

यमुनाबाई म्हणजेच माझी विद्यार्थिनी. तिची हकिकत सुहासने तेव्हा सांगितली. माहेर कळंबचं, शेतकऱ्याच्या घरातलं. खोपोलीच्या गिरणीत काम करणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाशी लग्न झालं, त्या वेळी बाप्तिस्माही झाला. दृढीकरणासाठी मात्र प्रश्नोत्तरी पाठ करावी लागे, आणि तिला अक्षर येत नव्हतं. पुढच्या वर्षी करू, असं त्या वेळचे पाळक म्हणाले. मग ते बदलून गेले, मग दुसरे आले. नवरा वारला, ती माहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर कळंबला राहायला गेली. तिथून दर रविवारी दोन गाड्या बदलून ती साजगावला येते.

सुहास आला त्या वर्षी एकदा प्रभुभोजनासाठी आणलेला पाव बुरशी लागलेला निघाला, तेव्हा यमुनाबाईने आपल्या डब्यातली भाकरी पुढे केली. तेव्हापासून दर महिन्याला तीच घरच्या तांदळाची भाकरी करून आणते. ताट हातोहात फिरतं, प्रत्येक जण तुकडा मोडून घेतो. तिच्याकडे आलं की ती पदर सावरून ताट पुढच्याला देते. सुहासच्या हे लक्षात यायला दोन वर्षं गेली. त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, माजी उत्तरं द्यायची राहिल्यात. तो म्हणाला, राहू देत, घ्या तुम्ही. तर ऐकेना. रीतीनं व्हायचं तर रीतीनं, असं तिचं म्हणणं. येत्या रविवारी प्रभुभोजन होतं आणि तोवर मी तिची तयारी करून घ्यायची होती.

गुरुवारी ती आली. बुटकी, काटक हाडाची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. पिशवी रूपाला देऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली, पहिलीतली मुलगी बसेल तशी. मी छोटी प्रार्थना म्हटली आणि आमेन म्हटलं. रूपाही म्हणाली. आणि यमुनाबाई मोठ्याने म्हणाली, “आमी नं.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत म्हणायला लावलं. तिने परत तेच म्हटलं, अगदी ठासून. मी समजावलं की तो शब्द आमेन आहे, हिब्रू भाषेतला आहे, अर्थ ‘तसेच होवो’, उत्तर शेवटच्या पानावर आहे. ती गोंधळून म्हणाली, “आमी नं म्हनतात नं सगळी? आमी हाय नं, असं?”

मी हसले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लपवून उपयोग नाही. वर्गात मुलाने ‘पापांची क्षमा’ऐवजी ‘पापड क्षमा’ लिहिलं की हसते तसं हसले, आणि माझं पाहून रूपाही हसली. यमुनाबाईने पदर तोंडाला लावला. पन्नास वर्षं ती प्रत्येक प्रार्थनेला हे म्हणत आली होती, आणि ते आज एका नगरच्या बाईने चूक ठरवलं. त्यानंतरचे प्रश्न मी विचारत गेले, उत्तरं वाचून दाखवत गेले, ती माझ्या मागून ओठ हलवत राहिली. आवाज फुटला नाही. चार वाजता उठून गेली.

शुक्रवारी ती आलीच नाही. तिच्या भाच्याचा, संतोषचा, सुहासला फोन आला: आत्या म्हणते वाल काढायला आलेत, रविवारचं ऱ्हाऊ द्या. मी चौतीस वर्षं शाळेत घालवलीत, पोट दुखतंय आणि शाळेत यायचं नाही यातला फरक मला कळतो. शनिवारी सकाळी मी सुहासला म्हटलं, मला कर्जतला सोड, पुढे मी जाते.

कळंब

कर्जतहून कळंबला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात आम्ही अकरा जण होतो, शिवाय एक कोंबडी. आमच्याकडे प्रवासात अनोळखी बाईला आधी गाव विचारतात, इथे आधी सरकून जागा देतात आणि मग गाव विचारतात. नगर म्हटल्यावर एका म्हातारबाबांनी तिकडे पाऊस नाय ना, म्हणून हळहळ व्यक्त केली. कुणाकडे, विचारल्यावर यमुनाबाई म्हटलं. “भाकरीवाली यमुआत्या? ती किरिस्ताव?” आणि घरापर्यंतचा रस्ता तिघांनी तीन प्रकारे सांगितला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना रिसॉर्टांच्या पाट्या होत्या: पोहण्याचा तलाव, पावसाचा नाच, अमर्याद नाश्ता. शनिवार असल्याने मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. अशाच एका रिसॉर्टच्या उंच भिंतीला लागून यमुनाबाईचं शेत. भिंतीपलीकडे गाणी चालली होती, अलीकडे ती वाकून शेंगा तोडत होती. मला तिची पाठ दिसली आणि मी रस्ता सोडून सरळ बांधावर पाऊल टाकलं.

नगरचा बांध म्हणजे दगडासारखा घट्ट. भाताच्या खाचराचा बांध हातभर रुंदीचा, कडेने ठिसूळ, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दहाव्या पावलाला माती सुटली, पाय आत वळला आणि प्रश्नोत्तरीसकट मी वालात.

“कोन पडलं गं?” म्हणत ती धावत आली. मला पाहून थबकली. “बाई? तुमी?” मी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. घोटा बघता बघता फुगला होता. तिने वाकून माझा हात आपल्या गळ्यात घेतला.

“ऊठ गं,” ती म्हणाली. “सगळा भार टाक. मी नाय पडायची.”

शिक्षिका झाल्यापासून मला परक्या माणसाने कधी ‘गं’ म्हटलं नव्हतं. मी सगळा भार टाकला. माझ्याहून वीतभर ठेंगणी असलेल्या त्या बाईने मला शेतातून घरापर्यंत नेलं.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. भिंतीवर गिरणीच्या गणवेशातल्या एका माणसाचा फोटो, खाली खिळ्याला लाकडी क्रूस. तिने मला पाटावर बसवलं, आंबेहळद उगाळली, पळीत गरम केली आणि घोट्यावर लेप दिला. मग गवती चहा घातलेला कोरा चहा. गुरुवारचा विषय मीच काढला. म्हटलं, यमुनाबाई, मी हसायला नको होतं. ती म्हणाली, “तुमी शिकलेल्या. चुकलं ते चुकलं.” आणि लेप सारखा करत राहिली. पुन्हा ‘तुमी’ झालेलं मला टोचलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, तुमचं मानूस काय करतं? गेले, मी म्हटलं, गेल्या वर्षी. तिचे हात थांबले. तिने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग घरात पार्थना कोन म्हनतं?”

साधा प्रश्न. आमच्या पाळकांनी, लेकीने, जोशीकाकूंनी, कुणीही विचारला नव्हता, कारण माझ्या घरात प्रार्थना होत नसेल अशी शंका कुणाला येणार? मी म्हटलं, कुणी नाही. होत नाही माझ्याने. आणि ह्यांच्या आमेनबद्दल सगळं सांगितलं: डुलक्या, चिडवाचिडवी, तो मोठा आवाज, आणि नंतरची शांतता. वर्षभर जे आत कोंबून ठेवलं होतं ते एका हळदीच्या वासाच्या खोलीत, परवा जिला मी हसले होते तिच्यासमोर बाहेर आलं.

ती उठली नाही, मला गप्पही केलं नाही. माझ्या पायावर हात ठेवला, डोळे मिटले आणि बोलू लागली, शेजारणीशी भिंतीवरून बोलावं तशी:

“परभू, बाईचा पाय सुजलाय, तो उतरव. ती माज्यासाठी आली नं, म्हनून पडली. आन तिचं मानूस तुज्यापाशी हाय. त्याला सांग, ती हितं कळंबला हाय, बरी हाय. काळजी करू नको म्हनावं.”

आता मृतांना निरोप धाडणं हे आमच्या शिकवणीत बसत नाही. याबद्दल माझ्या वर्गात एक संपूर्ण तास असतो. माझ्यातली शिक्षिका उठायला गेली, पण तिचाही पाय मुरगळला होता. मी ऐकत राहिले. आणि प्रार्थनेच्या शेवटाशी येऊन यमुनाबाई थांबली. डोळे न उघडता म्हणाली, “आता तो शबुद तुमी म्हना. माजा चुकतो.”

मी तोंड उघडलं. सहा वर्षांची असल्यापासून म्हणत आलेला तो शब्द येईना. भिंतीपलीकडची गाणी ऐकू येत होती, चुलीवरचं पाणी उकळत होतं, आणि दोन म्हाताऱ्या एका शब्दासाठी खोळंबून बसल्या होत्या.

शेवटी मी विचारलं, “तुम्ही कसं म्हणता ते?”

ती लाजली. मग म्हणाली, “आमी हाय नं. मला वाटायचं, पार्थना झाली की देव इचारतो, कोन हाय रं तितं? मंग आपन सांगायचं, आमी हाय नं. त्याला बरं वाटत आसंल.”

“पण तुम्ही इथे एकट्या राहता. मग ‘आमी’ कोण?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पहिलीतली.

“एकली कशी गं? आमचं मानूस देवापाशी, मी हितं. त्याच्याशी बोलले म्हंजे दोघं झालो का नाय?”

पवित्र जनांची सहभागिता म्हणजे काय? पृथ्वीवरचे आणि देवाजवळ गेलेले सर्व विश्वासणारे ख्रिस्तामध्ये एक आहेत. हे मी तीस वर्षं शिकवलं. परीक्षेत याला मी पाच गुण देत असे. त्याचा अर्थ माझे हे आणि मी असा होतो, हे मला कळंबला, लेप लावलेला पाय पाटावर ठेवून कळलं. आणि आणखी एक गोष्ट आठवली, जी मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: आमेन या हिब्रू शब्दाचं मूळ ‘खंबीर, ज्यावर भार टाकता येतो असं’. सगळा भार टाक, मी नाय पडायची. ती चुकली नव्हतीच. चुकली असली तरी माझ्यापेक्षा अर्थाच्या जवळ चुकली होती.

मी म्हटलं, “आमी हाय नं.” ती पण म्हणाली, माझ्यापेक्षा मोठ्याने. मग मी रडले, वर्षभराचं रडले, आणि ती माझी पाठ थोपटत म्हणत राहिली, “रड गं. रड.”

संध्याकाळी संतोष आणि त्याची बायको घरामागे पोपटी लावायला आले. आमच्याकडे हुरडा, तशी इथे पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, वर पुन्हा पाला, मग मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. आतल्या ओलीवरच सगळं शिजतं. मडकं उघडलं आणि जो वास आला तो नगरपर्यंत नेता आला असता तर मी नेला असता. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मठ्ठ मुलांना म्हणत आले. पालथ्या मडक्यात इतकं चांगलं काही शिजत असेल याची कल्पना नव्हती.

खाता खाता आमचा अभ्यास झाला. मी प्रश्न विचारायचे, ती शेंग सोलत आपल्या भाषेत उत्तर द्यायची, आणि मी पुस्तकातलं उत्तर शेजारी ठेवून पाहायचे. कृपा म्हणजे काय? “आपलं काय नस्ताना देतो ती.” बरोबर. विश्वास म्हणजे काय? “तुमी मगा माज्या खांद्यावर आलात नं, तसं.” पुस्तकात खांद्याचा उल्लेख नाही, पण मी गुण कापले नाहीत.

परत साजगाव

रविवारी पहाटे तिने दोन भाकऱ्या भाजल्या, फडक्यात बांधल्या, आणि संतोषच्या टेंपोत पुढे आम्ही दोघी बसलो. माझा पाय निम्म्याने उतरला होता. दोन गाड्यांच्या वाटेवर आज तिला प्रथमच बसायला पूर्ण जागा मिळाली, आणि ती खिडकीतून रस्ता असा बघत होती की जणू नवा आहे.

साजगावची उपासना एका मोठ्या खोलीत होते. चाळीसेक माणसं, पाळी करून आलेले काही जण डोळे ताणून जागे. उमेदवाराच्या तयारीबद्दल शिकवणाऱ्याने लिहून द्यायचं असतं, तो कागद मी सुहासच्या हातात दिला. मी लिहिलं होतं: ‘तयारी माझ्याहून बरी.’ त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवला. मग तिला पुढे बोलावून चार प्रश्न विचारले. पहिली दोन उत्तरं तिने पुस्तकाप्रमाणे दिली, मला दाखवायला. पुढची दोन आपल्याप्रमाणे, देवाला. सुहासने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ताट निघालं. माणसामाणसातून फिरत आमच्या रांगेत आलं आणि माझ्याकडे आलं. मी तुकडा घेतला आणि ताट तिच्यापुढे धरलं. सवयीने तिचा एक हात ताट पुढे द्यायला उचलला गेला. मग थांबला. तिने चिमूटभर तुकडा मोडला, तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला, तोंडात घातला. डोळे मिटून चावत राहिली. मला वाटलं, आता हिला रडू येणार.

तिने डोळे उघडले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “आळणी हाय गं. इतकी वरसं कुनी बोललं पन नाय.”

घरी ती भाकरी कालवणाबरोबर खायची, नुसती कधी खाल्ली नव्हती. पुढच्या महिन्यापासून त्या भाकरीत मीठ पडतं, असं सुहासने परवा फोनवर सांगितलं.

नगर

सोमवारी मी निघाले. खालापूरच्या नाक्यावर यमुनाबाई मला सोडायला आली होती, पिशवीत वालाच्या शेंगा आणि तांदळाचं पीठ. नगरला अशी भाकरी होत नाही, मी म्हटलं, पीठ वाया जाईल. ती म्हणाली, “चुकू दे. खाताना कोन बघतंय?” बस आली तेव्हा मी वाकून तिच्या पाया पडायला गेले, तर तिने खांदे धरून मला उभं केलं, पाय अजून कच्चा हाय म्हणून.

त्या प्रवासातल्या किती जणांचे आभार मानायचे राहिले: जागा देणाऱ्या दहा जणांचे, ठिसूळ बांधाचे, वासावरून वारा ओळखणाऱ्या रूपाचे. म्हणून हे लिहिलं.

घरी पोचले त्या सोमवारीच दिवेलागणीला मी पीठ मळून पाहिलं. पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली, तिसरी मीठ घालून नुसती खाल्ली. टीव्ही लावला नाही. ह्यांच्या खुर्चीसमोर बसले आणि प्रार्थना म्हटली, फार मोठी नाही. पाय उतरल्याचं सांगितलं. ह्यांना निरोप द्यावा म्हटलं, आणि शिकवणीत बसत नाही म्हणून क्षमाही मागितली. शेवटी ह्यांच्या आवाजाला लागायचा तेवढा वेळ थांबले. खुर्ची तशीच होती, खोली तशीच होती. मग जोशीकाकूंना घड्याळ लावता येईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, आमी हाय नं.